फुले वाडा कसा वाचावा

पुण्यात गंज पेठेत, म्हणजे आजच्या महात्मा फुले पेठेत, ३९५ क्रमांकाचं घर आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांचं. ‘वाडा’ या शब्दाने विश्रामबागवाड्याचा नक्षीदार सज्जा डोळ्यांसमोर आणून कुणी तिथे गेलं, तर पहिल्या दहा मिनिटांत हिरमोड होतो. बेताची ओसरी, ठेंगणे दरवाजे, उतरतं कौलारू छप्पर, अंगण, विहीर आणि अंगणातलं एक वृंदावन, एवढाच पसारा. भिंतींवर चित्रं आणि तसबिरी. सावित्रीबाईंचा चष्मा, लुगडं, दौत-लेखणी यांतलं काही काचेच्या कपाटात मांडलेलं असेल अशी अपेक्षा घेऊन आलेले पाहुणे ‘आत बघण्यासारखं काही नाही’ म्हणत बाहेर पडतात.

नेहमीच्या वस्तुसंग्रहालयात इमारत ही पेटी असते आणि आतल्या वस्तू हा ऐवज. घराचं स्मारक होतं तेव्हा हे उलटतं. घर हाच ऐवज. कोणती गोष्ट किती जागेत, कोणत्या दारातून, शेजाऱ्यांच्या किती जवळ घडली, हे पुस्तक सांगू शकत नाही. ते जोत्यावर उभं राहिल्यावर कळतं.

उदाहरण घ्या. १८६३ मध्ये फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. निमित्त होतं काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचं. तिने जन्मलेलं मूल मारलं आणि तिला जन्मठेपेच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. अशा बायकांनी गुपचूप येऊन सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं की ठेवायचं ते नंतर ठरवावं, अशी जाहिरात ब्राह्मण वस्तीतल्या भिंतींवर चिकटवली गेली. गृह कुठे होतं? जोतीरावांनी १८८४ च्या टिपणात लिहिलं आहे की ते आपल्याच घराच्या आवारात काढलं. तोवर ३५ विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या होत्या, आणि त्या मुलांपैकी फक्त ५ जिवंत होती. गर्भ पाडण्यासाठी आयांनी आधीच घेतलेल्या औषधांनी बाकीची दगावली, असं त्यांनी नोंदवलं आहे.

आता अंगणात उभं राहून अंतर पाहा. खाटा, गरम पाणी, सुईण, रडणारी पोरं, रात्री-अपरात्री दार वाजवणारी अनोळखी बाई, आणि हे सगळं राहत्या घराच्या आवारात, दाट पेठेत. जोतीरावांची व्याख्यानं, बैठका, लिखाण चालू असताना त्या बाळंतिणींचं करायचं कुणी? सावित्रीबाईंच्या कामाचा हा भाग शाळेइतका चित्रांत येत नाही, कारण तो चौकटीत बसत नाही. आवारात मात्र तो बसलेला दिसतो. (एक गल्लत इथे नेहमी होते. शिक्षा झालेली काशीबाई वेगळी, आणि जिचा मुलगा यशवंत फुल्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला ती काशीबाई वेगळी. माहिती सांगणारेही दोघींना एक करतात.)

अंगणातलं पाणीही असंच. १८६८ मध्ये फुल्यांनी आपला पाण्याचा हौद महार-मांगांसाठी खुला केला. हौद खुला केला, हे शाळेत एका ओळीत संपतं. पण पाणी घरच्या आवारात, म्हणजे भरणारा माणूस उंबऱ्याच्या आत येणार, घागरी शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत हलणार, आणि त्या घरातली सून तेच पाणी स्वयंपाकाला घेणार. जातीचा नियम कागदावर मोडणं आणि स्वयंपाकघराच्या तोंडाशी मोडणं यांत किती पावलांचं अंतर आहे, ते तिथे मोजता येतं.

आणि वृंदावन. ते तुळशीचं वाटतं, पण ती समाधी आहे. जोतीरावांनी १८८७ च्या मृत्युपत्रात देह मिठात पुरावा अशी इच्छा लिहिली होती आणि घरामागे जागाही तयार ठेवली होती. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले, तेव्हा वस्तीत दफनाला नगरपालिकेची परवानगी मिळाली नाही, म्हणून दहन करावं लागलं. दत्तक मुलाने टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेपुढचं मडकं, धरायला भाऊबंदांनी हरकत घेतली. सावित्रीबाईंनी टिटवं हातात घेतलं, अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि अग्नी दिला. नंतर अस्थी आणून घराच्या आवारात ठेवल्या. म्हणून हे वृंदावन गर्दीला आड येतं, चार फूट सरकवलं तर बरं, असा विचारसुद्धा करता येत नाही. त्याची जागा हाच त्याचा अर्थ.

सावित्रीबाईंचा शेवट मात्र या घरात झाला नाही. १८९७ च्या प्लेगात हडपसरजवळच्या माळावर यशवंतच्या दवाखान्यात त्या रुग्णांचं करत होत्या, तिथेच संसर्ग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. स्मारकाने हेही सांगायला हवं. सगळ्या घटना एका छपराखाली कोंबायचा मोह अशा जागी फार होतो.

सावित्रीबाईंच्या नावाशी जोडलेल्या तीन जागा महाराष्ट्रात आहेत आणि तिन्ही तीन प्रकारच्या. गंज पेठेतलं घर साधारण १८५२ च्या सुमाराचं; त्याच जागी, दुरुस्त्या होत टिकलेलं. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यातलं नायगाव हे जन्मगाव, तारीख ३ जानेवारी १८३१. तिथे नेवसे पाटलांचं घर जुन्या वळणाप्रमाणे सावरून माहेरघर म्हणून दाखवलं जातं. त्या घराला खरं वजन येतं ते पत्रांमुळे. १८५६ मध्ये आजारपणात माहेरी असताना सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलं की भाऊ आपल्या कामाला नावं ठेवतो आणि मी त्याला काय उत्तर दिलं. गणेश आणि शारजा या जोडप्याला गावकऱ्यांच्या रागातून वाचवल्याचं १८६८ च्या ऑगस्टमधलं पत्रही नायगावचंच. पत्रं वाचून गेलात तर ओसरीवर कोण बसलं असेल, आत आई कुठे असेल, याचा अदमास लागतो. न वाचता गेलात तर ते एक जुनं शेतकरी घर आहे.

तिसरी जागा बुधवार पेठेतला भिडे वाडा, १८४८ ची मुलींची शाळा जिथे भरली तो. तो वर्षानुवर्षे वादात आणि पडझडीत राहिला, कोर्टाचा निकाल लागल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला. आता तिथे जे उभं राहील ते नवं बांधकाम. त्याला स्मारक म्हणता येईल, पण घर-संग्रहालय नाही, कारण वाचायचा मजकूरच उरला नाही. हा फरक कीस काढण्यासाठी सांगत नाही. मूळ इमारत पाडून ‘हुबेहूब तशीच’ बांधू, असं कुणी म्हणालं की नेमकं काय गमावतो आहोत ते कळावं, म्हणून सांगितला.

मग गंज पेठेतलं घर टिकलं कसं? वापरामुळे. १९२२ मध्ये आबाजी रामजी शिंदे यांनी ते १५०० रुपयांना विकत घेतलं आणि पुढे सावता माळी फ्री बोर्डिंगकडे सोपवलं. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत विद्यार्थी वसतिगृहाने ते सांभाळलं. १९६९ मध्ये राज्य सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे आलं, डागडुजी झाली आणि २ डिसेंबर १९९३ ला राष्ट्रपती शंकरदयाळ शर्मा यांच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण झालं. चाळीसेक वर्षं पोरांनी भिंतींना खिळे ठोकले असतील, चुलींनी वासे काळे केले असतील. पण दर पावसाळ्याआधी कुणीतरी कौलं बघत होतं. कुलूपबंद वाडा दहा पावसाळ्यांत बसतो, नांदतं घर शंभर वर्षं निघतं.

कायद्याबद्दल थोडक्यात, कारण इथे बराच गोंधळ आहे. वाडा राज्य संरक्षित स्मारक आहे, त्यामुळे त्याला १९६० चा महाराष्ट्राचा कायदा लागू होतो. स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामबंदी आणि पुढे २०० मीटर नियंत्रण, ही लोकांना ऐकून माहीत असलेली तरतूद केंद्रीय कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीची आहे आणि ती राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांपुरती आहे. महापालिकेची वारसा यादी ही आणखी तिसरी गोष्ट. तिच्यात घराची श्रेणी ठरते, मालकी बदलत नाही. आपल्या गावातलं एखादं घर वाचवायचं असेल तर आधी सिटी सर्व्हेचा उतारा काढा, मालक किती आणि भाडेकरू किती ते पाहा, मग यांतली कोणती वाट चालेल ते ठरवा. घरं वाळवीने पडतात त्याहून जास्त वाटण्यांनी पडतात.

आता वाळवीकडे आणि ओलीकडे येऊ. पुढचं सगळं या प्रकारच्या कुठल्याही विटा-माती-चुना-लाकडाच्या घराला लागू आहे.

अशा घराचा सांगाडा लाकडी असतो. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. घर किती खणांचं यावरून त्याचा आकार सांगतात. खांबांवर तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर पाट, म्हणजे कडीपाट. त्यावर मातीचा थर. भिंत हे सगळं पेलत नाही, ती बहुतेक भरणी असते. त्यामुळे भिंतीला भेग गेली म्हणून घाबरायचं कारण नसतं, खांब खचला तर मात्र असतं.

खांबाच्या बुडाशी बसून पाहा. खांब जमिनीत रोवलेला नसतो, तो घडीव काळ्या दगडावर उभा असतो. त्याला तळखडा म्हणतात. माती आणि वीट ओल वर चढवतात, काळा पाषाण जवळजवळ चढवत नाही, म्हणून मध्ये दगड. आता काय होतं? फरशी झिजली म्हणून तिच्यावरच दोन इंच मसाला घालून नवी फरशी बसवतात. पंचवीस-तीस वर्षांनी पुन्हा एक थर. तळखडा जमिनीत बुडतो आणि खांबाचं लाकूड फरशीला टेकतं. रोज पोछा मारताना पाणी त्या फटीत मुरतं. वरून पॉलिश चकचकीत आणि आत बूड भुसा झालेलं. बोटाच्या पेराने खांबावर खालून वर टकटक करत जा. भरीव लाकूड ठणठणीत वाजतं, पोखरलेलं बसक्या आवाजात. कोपऱ्यात पेन्सिलीएवढी मातीची नळी भिंतीवरून वर गेलेली दिसली तर ती वाळवीची वाट. नळी पुसून टाकणं हा उपाय नव्हे. ती मोडून तारीख लिहून ठेवा. आठ-पंधरा दिवसांत पुन्हा बांधली गेली तर वाळवी जिवंत आहे.

दुरुस्ती म्हणजे अख्खा खांब बदलणं नाही. तुळईला धिरे, म्हणजे टेकू, देऊन भार उचलायचा, कुजलेला तुकडा चांगलं लाकूड लागेपर्यंत कापायचा, वाळलेल्या सागाचा तुकडा खाचेत खाच बसवून सांधायचा आणि लाकडी खुंट्या मारायच्या. फरशी मूळ पातळीला उतरवायची. नव्या तुकड्यावर दुरुस्तीचं वर्ष कोरायचं, तेही नजरेच्या टापूत नाही पण शोधणाऱ्याला सापडेल असं. १९६४ च्या व्हेनिस सनदेत, जिच्यावर जगभरचं जतनशास्त्र चालतं, हेच म्हटलं आहे: नवं ते नवं म्हणून ओळखू यावं, आणि जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्रचना थांबावी.

लाकडानंतर भिंत. जुनी भिंत ओल पिते आणि सोडते; पावसाळ्यात पिते, हिवाळ्यात सोडते. चुन्याचा गिलावा तिला श्वास घेऊ देतो. सिमेंटचा गिलावा तो अडवतो. अडलेली ओल वाट शोधत वर चढते आणि जिथे सिमेंट संपतं तिथून बाहेर पडते. बरोबर आणलेले क्षार तिथे स्फटिक होऊन विटेचा चेहरा फोडतात. यालाच लोणा लागणं म्हणतात. म्हणून तीन फूट सिमेंट लावलेल्या भिंतीवर साडेतीन-चार फुटांवर विटा भुकटी होताना दिसतात. मालक म्हणतो, सिमेंट कमी पडलं, आणि आणखी दोन फूट वर चढवतो. ऑइलपेंटचंही हेच. दोन-तीन वर्षं भिंत सुरेख दिसते, नंतर रंगाचे फुगे येतात आणि पापुद्र्याबरोबर गिलावा घेऊन खाली येतात.

चुन्याचं काम अवघड नाही, धीराचं आहे. कळीचा चुना पाण्यात विरवायचा आणि निदान तीन-चार आठवडे पाण्याखाली मुरू द्यायचा. घाई केली तर न विरलेले कण भिंतीत गेल्यावर फुगतात आणि महिन्याभराने गिलाव्यावर देवीच्या व्रणांसारखे खळगे पडतात. मग गाळून, एक भाग चुन्याला तीन भाग वाळू. ओलसर जागी त्यातली काही वाळू कमी करून सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड. पूर्वी हे चुन्याच्या घाण्यात दगडी चाकाखाली मळत. गूळ, बेलफळाचं पाणी, हिरडा यांची नावं जुने गवंडी घेतात ती खरी आहेत, पण प्रमाण चिमटीचं. गूळ सढळ पडला तर गिलावा दिवसेंदिवस हातालाच चिकटतो. भिंत आधी चांगली भिजवायची. एका वेळी १० ते १२ मिलिमीटरहून जाड थर नको, दुसरा थर आठवड्याने. चुना घट्ट होतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून, आणि त्यासाठी त्याला थोडी ओल लागते. म्हणून ओली गोणपाटं टांगायची. वैशाखाच्या झळांत लावला तर तो वाळतो, घट्ट होत नाही, आणि हात फिरवला की खडूसारखा निघतो. पुण्यात काम काढायचं तर दिवाळी ते होळी.

आधीच्या कुणी सिमेंट लावलं असेल तर तेही हातोड्याने एका दिवसात काढू नये, विटांचे पोपडे सोबत येतात. पट्ट्यापट्ट्यांनी काढायचं, मग भिंत एक अख्खा उन्हाळा उघडी ठेवायची. वरचे क्षार ओल्या मुलतानी मातीच्या लेपाने ओढून घेता येतात. लेप वाळून गळला की झाडून बाहेर टाकायचा. भिंतीच्या बुडाशी पडू दिला तर तेच मीठ पुढच्या पावसात परत वर.

छप्पर हे तर तारखेचा पुरावा असतं. मंगलोरी कौलं बासेल मिशनच्या कारखान्यातून १८६० च्या दशकात यायला लागली. म्हणजे १८५२ च्या घरावर ती असतील तर ती नंतरची. मूळ छप्पर कुंभाराच्या हातच्या अर्धगोल कौलांचं असणार. नंतरची म्हणून ती काढून टाकावीत का? बहुधा नाही. कधीतरी कुणीतरी घर वाचवण्यासाठी ती घातली, ती त्या घराच्या चरित्राचा भाग झाली. फलकावर मात्र लिहायला हवं. आणि मेअखेर शाकारणी, म्हणजे कौलं नीट बसवून घेणं, हवीच. एक सरकलेलं कौल एका पावसाळ्यात खालची रीप, वासा आणि भिंतीचा माथा तिन्ही खातं.

गर्दीचं गणित फारसं कुणी मांडत नाही. भारतीय मानकांत राहत्या खोलीची जमीन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरून आखतात, संग्रहालयाची ४०० किलो. दहा बाय बारा फुटांची माडी म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर; राहत्या हिशेबाने सव्वादोन टन. दाटीवाटीने चौरस मीटरला चार माणसं उभी राहिली तर अडीचशे किलोच्या वर जातं. दीडशे वर्षांपूर्वीच्या सुताराने तर दोन्ही आकडे धरले नव्हते. त्याने एका कुटुंबाचा आणि धान्याच्या पोत्यांचा विचार केला होता. म्हणून कुठल्याही जुन्या घरात माडीवर एका वेळी दहा-बारा जणांनाच सोडतात, तेव्हा पहारेकऱ्याशी हुज्जत घालू नये. ३ जानेवारी, ११ एप्रिल आणि २८ नोव्हेंबर या दिवसांना फुले वाड्यात अभिवादनाला रीघ असते. दर्शन घ्यायचं तर त्या दिवशी जरूर जा, घर वाचायचं तर आडवारी सकाळी.

वस्तूंचा प्रश्न उरतो. रिकामं घर ओकंबोकं दिसतं म्हणून रांजण, जातं, समई आणून मांडायचा मोह सगळीकडे होतो. मांडायला हरकत नाही, पण वस्तूवरची चिठ्ठी तीनच प्रकारची असू शकते: त्या माणसांची, त्या काळातली, किंवा आज बनवलेली. चिठ्ठी नसेल तर पाहणारा प्रत्येक जात्यावर सावित्रीबाईंना बसवतो. याबाबतीत हिंगण्याची अण्णासाहेब कर्व्यांची झोपडी चांगली. रावबहादूर गोखल्यांनी दिलेली ६ एकर जमीन आणि ७५० रुपये, त्यातून उभी राहिलेली खोली, आणि तिच्यात विधवांचा आश्रम. आकडे आणि ती खोली समोरासमोर ठेवले की आणखी सजावट लागत नाही.

फुले वाड्याला जायचं तर स्वारगेटहून रिक्षाने पाच-दहा मिनिटं. पेठेत गाडी लावायची जागा शोधण्यात त्याहून जास्त वेळ जातो. नायगावला पुणे-सातारा रस्त्यावर शिरवळपर्यंत जाऊन आत वळायचं, पुण्याहून सुमारे ५० किलोमीटर. दोन्हीकडे एकदा पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात जा. तेव्हा भिंती वाळत असतात, आणि लोणा कुठे आहे, किती उंच चढलाय, हे पांढऱ्या रेघेने भिंत स्वतःच दाखवते.